रॉद्रिगो पेसोआ: अथेन्सचं सुवर्ण मोठं की आयर्लंडचे तीन मोसम?

रिकीब (धागाकर्ता)

पॅरिस ऑलिंपिकपासून हा विषय डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. शो जंपिंग, म्हणजे घोड्यावर बसून अडथळे ओलांडायचा खेळ, पाहणारे इथे मोजके आहेत, पण जे आहेत ते जीव ओतून पाहतात.

पेसोआचं नाव निघालं की लोक अथेन्स २००४ चं वैयक्तिक सुवर्ण सांगतात. नाहीतर बालुबे दु रुए या घोड्यावर १९९८, १९९९ आणि २००० असे ओळीने जिंकलेले तीन वर्ल्ड कप. त्या यशाबद्दल दुमत नाही. तरी ब्राझीलच्या या स्वाराने सगळ्यात मोठं काम घोड्यावरून उतरल्यावर केलं, असं मला वाटतं.

रिओ २०१६ ला, म्हणजे स्वतःच्या देशात, त्याला मुख्य चारांत घेतलं नाही. राखीव म्हणून ठेवलं, तर त्याने नकार दिला. २०१२ ला लंडनमध्ये ज्याने देशाचा झेंडा धरला होता त्याच्यावर ही वेळ. पुढच्याच वर्षी तो आयर्लंडच्या संघाचा प्रमुख झाला आणि त्याच उन्हाळ्यात गोथेनबर्गला आयर्लंडने युरोपियन सांघिक सुवर्ण जिंकलं. त्याआधीचं त्यांचं असं सुवर्ण २००१ चं, आर्नहेमचं.

आता त्या संघात कोण होतं ते पाहा. बर्ट्राम ॲलन, डेनिस लिंच, शेन स्वीटनम आणि किअन ओकॉनर. हाच ओकॉनर अथेन्सला पहिला आला होता. त्याच्या वॉटरफोर्ड क्रिस्टल या घोड्याच्या तपासणीत बंदी असलेली औषधं सापडली, पदक गेलं आणि ते दुसऱ्या क्रमांकाच्या पेसोआला मिळालं. ज्याचं सुवर्ण आपल्या गळ्यात आलं, त्यालाच तेरा वर्षांनी मैदानाच्या कडेला उभं राहून सांगायचं, की तिसऱ्या अडथळ्यानंतर वळण आवळून घे. त्यानेही ते ऐकायचं. शिवाय ओकॉनरने त्या स्पर्धेत वैयक्तिक कांस्यही जिंकलं. दोघांबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

तुम्हाला काय वाटतं? मोठा स्वार चांगला प्रशिक्षक होतो का? की ती दोन वेगळीच कामं आहेत?

---

भोचक

मत नोंदवतो: बालुबे. उड्या त्याने मारल्या, धागे मात्र माणसांवर निघतात.

---

मंदार_डब्लिनकर

रिकीब, छान धागा. इथे राहून ऐकलेलं सांगतो. २००४ चं प्रकरण आयरिश माणूस अजून विसरलेला नाही. त्या ऑलिंपिकमध्ये आयर्लंडला मिळालेलं ते एकुलतं एक पदक, आणि तेच परत द्यावं लागलं. घोड्याचा लघवीचा दुसरा नमुना प्रयोगशाळेत पोचण्याआधीच वाटेत चोरीला गेला, तेव्हा तर वर्तमानपत्रांना दुसरा विषय उरला नव्हता. चौकशीत ओकॉनरने कामगिरी वाढवण्यासाठी मुद्दाम काही केलं नाही असं मान्य झालं, पण नियमाने पदक जायचं ते गेलंच. नंतर २०१२ ला लंडनमध्ये ब्लू लॉइड या घोड्यावर त्याने वैयक्तिक कांस्य मिळवलं, तेव्हा कुठे लोकांचा राग निवळला.

त्यामुळे पेसोआ येतोय म्हटल्यावर ऑफिसातल्या घोडेवेड्यांत बरीच कुजबुज झाली होती. गोथेनबर्गनंतर ती थांबली.

थोडं अवांतर. ऑगस्टात इथल्या आरडीएस मैदानावर डब्लिन हॉर्स शो भरतो. त्यातली देशादेशांतली लढत आगाखान चषकासाठी असते. हा चषक १९२६ पासून आहे आणि तो देणारे तिसरे आगाखान म्हणजे पुण्यात येरवड्याजवळ ज्यांनी राजवाडा बांधला तेच. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या आजोबांना म्हटलं, यांचा वाडा आमच्या गावात आहे. आजोबांनी मला चहा पाजला.

---

फलटणकर

मंदार, हे माहीतच नव्हतं! आगाखान पॅलेस म्हटलं की गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई एवढंच डोळ्यांपुढे येतं.

---

पंचकल्याणी

धाग्याच्या मूळ विधानाशी असहमत आहे, आणि का ते सविस्तर सांगते. शाळा-कॉलेजात महालक्ष्मीला ॲमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये काही वर्षं घोडेस्वारी केली, त्यामुळे हा विषय जवळचा आहे.

राष्ट्रीय संघाचा प्रमुख म्हणजे प्रशिक्षक नव्हे. ॲलन, लिंच, ओकॉनर हे सगळे स्वतःचे तबेले चालवणारे, जग फिरलेले व्यावसायिक. घोडे मालकांचे, कोणती स्पर्धा खेळायची हेही मालक आणि स्वार ठरवणार. पेसोआने त्यांना बसायला शिकवलं नाही. त्याने चार नावं निवडली आणि क्रम लावला. हे काम व्यवस्थापकाचं आहे. महत्त्वाचं आहे, पण त्याला प्रशिक्षण म्हणू नका.

त्या घरातला खरा प्रशिक्षक म्हणजे वडील नेल्सन पेसोआ. १९३५ चा जन्म, रिओचा माणूस, १९६१ ला युरोपात येऊन राहिला. १९६४ ला टोकियोत वैयक्तिक पाचवा, १९६६ ला ग्रान जेस्तवर युरोपियन विजेता, आणि हॅम्बुर्ग डर्बी सात वेळा. ज्यांनी डर्बी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: तिथे एक मातीचा बांध आहे, सुमारे तीन मीटर उंच. घोड्याने वर चढायचं आणि दुसऱ्या बाजूच्या सरळ उतारावरून खाली येऊन लगेच कुंपण ओलांडायचं. पुष्कळ नावाजलेले घोडे वरच थांबतात. नेल्सन तिथे साठीकडे झुकतानाही जिंकला.

आणि तोच मुलाला शिकवत होता. १९९२ ला बार्सिलोनात बापलेक दोघंही ब्राझीलच्या संघात होते, एक ५६ वर्षांचा, एक १९ चा. याला म्हणायचं प्रशिक्षण. घरातलं, रोजचं, वर्षानुवर्षांचं.

---

रिकीब

पंचकल्याणी, नेल्सनबद्दल एकेक शब्द मान्य. पण 'क्रम लावला' इतकं ते सोपं नाही.

नेशन्स कपमध्ये, म्हणजे देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेत, चौघं धावतात, दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत चौघांतले चांगले तिघं धरतात. पहिला जातो तो मागच्या तिघांसाठी वाट दाखवतो. त्याला बाहेर आल्या आल्या सांगता आलं पाहिजे की पाण्याच्या उडीनंतर घोडा दबकतोय, दुहेरी अडथळा दिसतो त्याहून आखूड आहे. शेवटचा जातो त्याच्यावर सगळा भार. कोणत्या स्वाराला भार पेलतो आणि कोणाचा हात त्या भाराने कडक होतो, हे ओळखायला प्रमुखाने स्वतः दोन्ही जागी बसून पाहिलेलं असावं लागतं.

बार्सिलोना २०१९ पाहा. टोकियो ऑलिंपिकची पात्रता ट्रायऑनच्या जागतिक स्पर्धेत २०१८ मध्ये हुकली होती, रॉटरडॅमच्या युरोपियनलाही हुकली. नेशन्स कपची अंतिम फेरी हे शेवटचं दार होतं. तिथे संघ वेगळाच होता: ओकॉनर होता, पण त्याच्यासोबत दारा केनी, पॉल ओशे आणि पीटर मोलोनी. आयर्लंडने नुसती पात्रता नाही, आख्खी स्पर्धाच जिंकली. गोथेनबर्गच्या चारातला एकच माणूस ठेवून दुसऱ्यांदा सर्वोच्च जागी जाणं, हे यादी लिहिण्याने होत नाही.

---

रिसालदार_काका

मुलांनो, तुमचं वाचतोय. आयुष्य घोड्यांत गेलं, सैन्यात आणि नंतर शिकवण्यात, म्हणून चार ओळी.

आमच्या वेळी नवा स्वार आला की पहिल्यांदा त्याच्या रिकिबी काढून घ्यायचो. घोडा लांब दोरीवर गोल फिरवायचा आणि पोराने हात बाजूला पसरून बसायचं. मांड पक्की झाल्याशिवाय लगाम हातात नाही. कारण ज्याला तोल नाही तो लगामाला लटकतो आणि घोड्याचं तोंड कायमचं बिघडवतो. हे सांगायला ऑलिंपिक विजेता लागत नाही. देशभरातल्या किती तरी रायडिंग स्कूलमध्ये निवृत्त दफेदार आणि रिसालदार हेच काम करतात, आणि चोख करतात.

१९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये घोडेस्वारी पहिल्यांदा आली. इव्हेंटिंगमध्ये, म्हणजे तीन परीक्षांच्या स्पर्धेत, ६१ कॅव्हलरीच्या रघुबीर सिंगने शहजादावर सुवर्ण घेतलं, रौप्य जी. एम. खानला, कांस्य प्रल्हाद सिंगला, आणि सांघिक सुवर्णही आपलंच. त्या पोरांना घडवणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. पण तीन दिवसांत ड्रेसाज (ठरवून दिलेल्या चाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातली दौड) आणि जंपिंग अशा तिन्ही परीक्षा काढणारा घोडा आणि स्वार आपोआप तयार होत नाही.

मोठा स्वार वरच्या पायरीला उपयोगी पडतो. ते कसं, सांगतो. स्पर्धेआधी स्वार अडथळे पायी चालून मोजतात. चौखूर चालीत घोड्याचं एक पाऊल साधारण १२ फूट. उडी मारून उतरायला सहा फूट, पुढच्या उडीला उसळायला सहा. म्हणजे दोन अडथळ्यांत ८४ फूट असतील तर सहा पावलं बसतात. स्वार आपलं पाऊल तीन फुटांचं बसवून घेतो आणि २८ पावलं मोजतो. इथपर्यंत हिशेब कोणीही शिकवील. पण हा घोडा आज अंग चोरतोय, याच्याकडून सहा ओढून काढशील तर अडथळ्याची दांडी पडेल, त्यापेक्षा शांतपणे सात घे, हे सांगायला डोळा लागतो. तो डोळा शेकडो घोड्यांवर बसल्याने येतो.

पेसोआकडे तो डोळा असणारच. १९९८ ला रोमला तो विश्वविजेता झाला तेव्हा अंतिम चौघांना एकमेकांचे घोडे चालवावे लागायचे. परका घोडा, काही मिनिटांचा सराव, मोजक्या उड्या आणि लगेच मैदानात. पंचविसाव्या वर्षी ज्याने ती परीक्षा काढली त्याला दुसऱ्याच्या घोड्याबद्दल बोलायचा अधिकार आहे.

---

पंचकल्याणी

काका, रोमचा मुद्दा जोरदार आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती घोडे बदलण्याची पद्धत आता बंद केली, २०१४ ची नॉर्मंडी शेवटची. घोड्यांसाठी ते बरंच झालं, पण पाहायला जे मिळायचं ते मिळायचं.

---

भोचक

आमच्याकडे चुलतभावाच्या बुलेटवर बसलो तरी दोन किलोमीटर धाकधूक असते. परका घोडा म्हणजे कमाल आहे.

---

अवंती_श

सगळे कौतुकात आहेत, पण डोपिंगचा विषय निघालाच आहे तर पूर्ण निघू दे. २००८ च्या ऑलिंपिकची घोडेस्वारी हाँगकाँगला झाली. तिथे पेसोआच्या रुफस या घोड्यात नॉनिव्हामाइड सापडलं. मिरचीतल्या तिखटासारखा हा पदार्थ. पायाला लावला तर कातडी हुळहुळी होते आणि दांडीला पाय लागल्यावर जास्त झोंबतं, म्हणून घोडा पाय उंच घेतो, हा त्यातला संशय. त्याचा पाचवा क्रमांक गेला आणि निलंबनही झालं. त्याच ऑलिंपिकमध्ये कॅप्सायसिन या तशाच पदार्थामुळे डेनिस लिंचचा घोडा लँटिनस अंतिम फेरीआधी बाहेर काढला गेला. म्हणजे रिकीब यांच्या त्या सुंदर गोथेनबर्ग संघात प्रमुख धरून तिघं जण असे, ज्यांच्या घोड्यांवर कधी ना कधी ऑलिंपिकमध्ये कारवाई झाली. हे धाग्यात यायला हवं होतं.

---

रिकीब

अवंती, यायलाच हवं, आणि तुम्ही आणलंत ते चांगलं झालं. या खेळात घोड्याच्या अंगात जे सापडेल त्याला स्वार जबाबदार, मलम कुणी का लावेना. तो नियम मला पटतो, कारण घोडा तक्रार करू शकत नाही. पेसोआने त्याची किंमत मोजली.

पण माझा मुद्दा याने पुसला जात नाही. सिडनी २००० मध्ये सुवर्ण त्याचंच असं सगळे धरून चालले होते. अंतिम फेरीत बालुबे एका अडथळ्यापुढे थांबला, मग पुन्हा थांबला, तिसऱ्यांदा थांबला आणि ते बाद झाले. सगळं जग बघत असताना. पुढे त्याच घोड्याला घेऊन तो अथेन्सला गेला. एवढ्या खोलवर जाऊन वर आलेला माणूस समोरच्या स्वाराच्या वाईट दिवशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे जाणतो. संघाला असाच माणूस हवा असतो.

---

अवंती_श

हे पटतं. तरी प्रशिक्षकांना देव्हाऱ्यात बसवण्याची मला भीती वाटते, त्याचं कारण जॉर्ज मॉरिस. १९६० ला रोममध्ये अमेरिकेच्या रौप्यविजेत्या संघातला स्वार, पुढे अनेक दशकं तिथला सर्वांत वजनदार प्रशिक्षक. त्याचा शब्द म्हणजे कायदा होता. २०१९ मध्ये अल्पवयीनांशी केलेल्या लैंगिक गैरवर्तनासाठी त्याला कायमची बंदी झाली. ज्यांनी तक्रार केली त्यांना त्याच खेळातल्या किती लोकांनी खोटं ठरवायचा प्रयत्न केला ते आठवतं. पदकांनी माणूस तपासायचा नसतो.

---

सईची_आई

नमस्कार. अवंती यांचा प्रतिसाद वाचून लिहायचं धाडस करते. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पुण्याजवळ घोडेस्वारी शिकते. कोच रागीट आहेत, सतत 'टाच खाली, नजर वर' एवढंच ओरडतात आणि स्वतः कधी घोड्यावर बसलेले मी पाहिले नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी स्पर्धा जिंकलेला तरुण मुलगा शिकवतो, फी बरीच जास्त आहे. तुमच्या चर्चेवरून मला कळेना की आपल्यासारख्यांनी नक्की काय बघायचं.

---

मंदार_डब्लिनकर

सईची आई, इथल्या पोनी क्लबांत मला एक गोष्ट फार आवडते. मुलांना आधी तबेला साफ करायला, खरारा करायला, खूर खरवडायला लावतात. स्वारी त्यानंतर. तुमच्याकडे सईला घोडा स्वतः तयार करू देतात का, की मोतद्दार आणून उभा करतो आणि ही फक्त बसते?

---

फलटणकर

'टाच खाली, नजर वर' हे मात्र बरोबर आहे. टाच वर गेली की मांड सुटते.

---

पंचकल्याणी

सईची आई, कोच बसतात की नाही यावरून ठरवू नका. वय झालं, पाठ गेली, गुडघा गेला, कारणं हजार असतात. मला ज्यांनी शिकवलं ते माझ्या काळात घोड्यावर बसत नव्हते, पण कुंपणाबाहेरून नुसता टापांचा आवाज ऐकून सांगायचे की तू डाव्या अंगाला झुकतेस. तो तरुण मुलगा खरोखर चांगला असेलही. पण स्वतःला सहज जमतं त्याला दुसऱ्याला का जमत नाही हे कळायला वेळ लागतो. माझा पेसोआबद्दलचा आक्षेप मुळात तोच होता.

याच्या उलट उदाहरणही देते. बंगळूरच्या फवाद मिर्झाने २०१८ च्या एशियाडमध्ये इव्हेंटिंगचं वैयक्तिक रौप्य मिळवलं, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये २३ वा आला. तो जर्मनीत सांड्रा आउफार्टकडे शिकला. ती २०१२ ची ऑलिंपिक सांघिक सुवर्णविजेती, २०१४ ची विश्वविजेती, आणि शिकवत असतानाही स्वतः स्पर्धा खेळणारी. शिष्य आणि गुरू एकाच ऑलिंपिकमध्ये उतरले. त्यामुळे खेळणारा चांगलं शिकवत नाही असाही नियम नाही.

---

फलटणकर

आपल्या पोरांना जर्मनीतच का जावं लागतं? इथे घोडे नाहीत का?

---

रिसालदार_काका

फलटणकर, घोडे आहेत, पण इथला घोडा युरोपात नेणं महाकठीण. रोगराईच्या नियमांमुळे भारतातून थेट पाठवता येत नाही. म्हणून मुलं तिथेच घोडा घेतात आणि तिथेच राहतात. हांगझोच्या एशियाडला २०२३ मध्ये ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलेली आपली चारही मुलं युरोपात तयार झाली. त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. मेरठला सैन्याच्या आरव्हीसी (पशुवैद्यक दल) केंद्रात घोड्यांसाठी रोगमुक्त विभाग उभा केला आहे, त्याला २०२५ मध्ये जागतिक मान्यताही मिळाली. वाट थोडी मोकळी होईल अशी आशा धरायला जागा आहे.

---

भोचक

काका, तुम्ही एक वेगळा धागा काढाच. रघुबीर सिंग आणि शहजादावर. मी पहिला प्रतिसाद देईन, आणि घोड्याच्या बाजूनेच.

---

मंदार_डब्लिनकर

मूळ मुद्द्यावर येतो. पेसोआ २०१९ नंतर गेला आणि मायकल ब्लेक आले. टोकियोला सांघिक स्पर्धेत तीनच स्वार आणि सगळ्यांचेच गुण धरायचे असा नवा नियम आला. स्वीटनमचा घोडा पात्रता फेरीत पडला आणि आयर्लंडचं तिथेच संपलं. यात ब्लेक यांचा काहीच दोष नाही. चौथा नसला की प्रमुखाच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून पेसोआचं यश मी मोठं मानतो, पण त्या वेळचे नियमही त्याला साथ देणारे होते.

आणि तो स्वतः? टोकियोला ब्राझीलकडून परत घोड्यावर! सातवं ऑलिंपिक, संघ सहावा. पॅरिसला आठवं, वय ५१.

---

पंचकल्याणी

हेच तर. प्रशिक्षक म्हणून इतकं मन लागलं असतं तर परत खोगिरावर बसला असता का?

---

रिकीब

का नाही बसणार? नेल्सन ५६ व्या वर्षी ऑलिंपिकमध्ये होता, हे तुम्हीच वर लिहिलंत. त्या घरात शिकवणं आणि चालवणं यांत भिंत नाही. मला तर वाटतं, तीन वर्षं बाहेर उभं राहून पाहिल्यामुळे तो जास्त शांत स्वार झाला. टोकियोतली त्याची फेरी पुन्हा पाहा. कार्लिटोज वे काही बालुबे नव्हता. पण हात किती हलके ठेवलेत, अडथळ्याआधी शेवटच्या तीन पावलांत घोड्याला जराही छेडत नाही. सिडनीचा पेसोआ असा चालवत नव्हता. सुवर्ण की आयर्लंड असा प्रश्न मी टाकला, पण माझं मत ठाम आहे: आयर्लंड.

---

पंचकल्याणी

माझं मत नेल्सन. ते बदलत नाही. टोकियोची फेरी मात्र आज रात्री पाहते.

---

रिसालदार_काका

सईची आई, तुमचं उत्तर राहिलं होतं. दोन्ही ठिकाणी एकदा न सांगता जा, शिकवणी संपायच्या वेळेला. खोगीर उतरवल्यावर घोड्याची पाठ बघा. केस घासलेले, जखम, सूज असेल तर मुलीला तिथे ठेवू नका, कोच कितीही मोठा असो. मग बघा, दमलेल्या घोड्यावर पुढचं पोर बसवतात का. तिसरं, पोर पडलं की कोच आधी काय करतो. आणि अवंतीताईंनी लिहिलंय ते लक्षात ठेवा: पालकांना कुंपणापाशी उभं राहू देत नाहीत अशी जागा नको. ओरडणं मी मनावर घेत नाही, आम्हीही ओरडायचो. पण सई घरी येऊन घोड्याचं नाव घेते की कोचचं, ते ऐका.

---

सईची_आई

काका, घोडीचं नाव बिजली आहे आणि घरात दिवसभर तेच चालू असतं. मंदार, खरारा ती स्वतः करते, कोचनीच शिकवला. पाठ बघायला शनिवारी जाते आणि इथे कळवते.